कुलूप, किल्ली आणि एप्सिलॉन: एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाचं गणित शिकवताना

पार्श्वभूमी

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावचं हे अनुदानित महाविद्यालय. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. बाकी प्रसंग जसे घडले तसे लिहिते आहे. गणित विभागात आम्ही तिघं: विभागप्रमुख सर, मी, आणि तासिका तत्त्वावर येणारे एक तरुण सर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणित घेतलेली ऐंशीच्या आसपास मुलं. निम्म्याहून जास्त जण आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. घरी आहिराणी, शाळेत मराठी, अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत, असा बहुतेकांचा प्रवास.

त्यांच्या अकरावी-बारावीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातला सुमारे ८० टक्के भाग बारावीवर, २० टक्के अकरावीवर. त्यामुळे अकरावी कशीबशी उरकली जाते आणि बारावीत वेगानं पर्याय निवडायची तालीम होते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना इंजिनिअरिंगला जायचं होतं. गुण कमी पडले किंवा फी झेपली नाही, म्हणून ती बी.एस्सी.ला आली. ही मुलं आळशी नाहीत. लॉग साइन क्षचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, विचारा, वही न उघडता ‘कॉट क्ष’ म्हणतात. पण ‘म्हणजे नेमकं काय सांगितलंस?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

कॅल्क्युलसचा पेपर माझ्याकडे होता. दोन क्रेडिटचा, म्हणजे ३० तासिकांचा. त्यात लिमिट (एखाद्या बिंदूजवळ जाताना फलन ज्या किमतीजवळ जातं ती), कंटिन्युइटी (फलनाचं सलग असणं), डेरिव्हेटिव्ह, रोल आणि लॅग्रांजचे थेअरम, टेलरपर्यंत पोचायचं. विद्यापीठाचा पेपर ‘स्टेट अँड प्रूव्ह’ पद्धतीचा. मी कैक वर्षं फळा भरून शिकवत होते, मुलं उतरवून घेत होती. निकाल अगदी वाईट लागत नव्हता, म्हणून काही बदलायला हवं असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

अडचण कशी समोर आली

एका सहामाहीच्या अंतर्गत परीक्षेत मी लिमिटची व्याख्या लिहायला सांगितली होती. जवळजवळ सगळ्यांनी अचूक लिहिली. प्रत्येक एप्सिलॉन शून्यापेक्षा मोठा, असा डेल्टा अस्तित्वात आहे की वगैरे, स्वल्पविरामासकट. (एप्सिलॉन म्हणजे फलनाची किंमत लिमिटपासून किती लांब चालेल ते, डेल्टा म्हणजे त्यासाठी क्षनं बिंदूच्या किती जवळ राहायचं ते.) त्याच प्रश्नाचा दुसरा भाग असा होता: फलन ३क्ष + १, बिंदू २, लिमिट ७. एप्सिलॉन ०.३ असेल तर चालेल असा एक डेल्टा सांगा. फक्त एक संख्या लिहायची होती, ०.१ किंवा त्याहून लहान कुठलीही. बहुतेकांनी जागा कोरी सोडली. काहींनी तिथे पुन्हा व्याख्याच लिहिली.

एक उत्तरपत्रिका माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. त्या मुलीनं व्याख्या लिहिली होती, तीन ओळी गणित मांडलं होतं, ‘३ गुणिले |क्ष − २| हे ०.३ पेक्षा कमी’ इथपर्यंत बरोबर आली होती, आणि पुढे पेन्सिलीनं लिहून खोडलं होतं: ‘डेल्टा कोण देतं?’ खोडरबराखालून ती ओळ दिसत होती.

तिचा प्रश्न शंभर टक्के योग्य होता. व्याख्येचा सगळा जीव त्याच प्रश्नात आहे: एप्सिलॉन कोण देतं, डेल्टा कोण शोधतं, आणि कुणाची पाळी आधी. इतकी वर्षं मी व्याख्या फळ्यावर लिहीत होते, पण हे कधी बोलले नव्हते.

पुढच्या जूनमध्ये आम्ही पहिल्याच आठवड्यात एक छोटी चाचणी घेतली. गुणांसाठी नव्हे, फक्त बघायला. त्यातले तीन प्रश्न इथे देते. पहिला: १/(क्ष + २) आणि १/क्ष + १/२ सारखेच आहेत का? दुसरा: क्ष²चं वर्गमूळ किती? तिसरा गणिताचा वाटतच नाही: ‘वर्गातला प्रत्येक विद्यार्थी हजर आहे’ हे वाक्य खोटं असेल, तर काय खरं असेल?

पहिल्याला अनेकांनी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्याला बहुतेकांनी नुसतं ‘क्ष’ लिहिलं, ऋण संख्येचा विचार न करता. तिसऱ्याला मोठ्या संख्येनं उत्तर आलं: ‘प्रत्येक विद्यार्थी गैरहजर आहे.’ शिपाईमामांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं की निदान एक जण आला नसेल. मुलांनाही व्यवहारात ते कळतं. पण कागद गणिताचा आहे म्हटल्यावर त्यांनी रोजची समज दाराबाहेर ठेवली आणि ‘उलटं’ करायचा नियम लावला. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ याच उत्तरानं केलं. ज्याला ‘प्रत्येक’चा नकार नीट करता येत नाही, त्याला ‘लिमिट अस्तित्वात नाही’ हे सिद्ध करता येणं शक्यच नाही.

कोणते पर्याय समोर होते

विभागात दोन-तीन आठवडे यावर बोलणं चाललं. विभागप्रमुख सरांचं मत ब्रिज कोर्सच्या बाजूनं होतं: दुपारी जादा तास, अकरावीची उजळणी. कागदावर हा सर्वांत सरळ मार्ग. पण दीडची एसटी चुकली की काही गावांना थेट संध्याकाळची गाडी. मुली तर थांबूच शकणार नाहीत. म्हणजे ज्यांना गरज जास्त तेच गैरहजर. शिवाय पाया कच्चा असला, तरी नुसती उजळणी करून ‘डेल्टा कोण देतं’ याचं उत्तर मिळणार नव्हतं.

दुसरा पर्याय व्हिडिओ आणि नोट्सचा. एनपीटीईएल आणि स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचांवर उत्तम व्याख्यानं फुकट उपलब्ध आहेत, आम्ही ती सुचवतोही. पण ऐकणं मुलांना कमी पडत नव्हतं. ऐकलेलं स्वतःच्या तोंडून काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

अभ्यासक्रम हलका करून घेणं आमच्या हातात नव्हतं. आम्ही संलग्न महाविद्यालय, स्वायत्त नाही, पेपर विद्यापीठाचा.

चौथा पर्याय तासच बदलायचा. तरुण सर विद्यार्थी असताना एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिराला जाऊन आले होते. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम. तिथे शिक्षक सांगत कमी आणि विचारत जास्त असतात. सर म्हणाले, ‘मॅडम, तिथे पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं, कारण मला येतं असं वाटत होतं ते येत नव्हतं. आठव्या दिवशी मी फळ्यापाशी उभा राहून भांडत होतो.’ मी हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांच्याबद्दल वाचलं होतं. भौतिकशास्त्राच्या वर्गात त्यांनी १९९१ पासून एक साधी पद्धत रुजवली: एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा निवडायचं. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्यावरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

विभागप्रमुख सर म्हणाले, ‘तिकडचे आकडे तिकडे. आपल्याकडे ३० तासांत पोर्शन कोण संपवणार?’ सरांची शंका वाजवी होती, आणि खरा निर्णय तिथेच होता. मुलांना बोलायला वेळ द्यायचा तर मी फळ्यावर काहीतरी कमी लिहायला हवं. काय कमी लिहायचं?

आम्ही अभ्यासक्रमातल्या सगळ्या प्रूफची यादी समोर ठेवली आणि एकेका प्रूफबद्दल विचारलं: हे मी वर्गात केलं नाही तर मुलांना समजून वाचता येईल का? अखेर सहा प्रूफ वर्गात संपूर्ण करायची ठरली. उरलेली वाचायला, त्यांच्यावर प्रश्न देऊन. परीक्षेत ‘प्रूव्ह’ म्हणून नेमकी तीच आली तर काय, ही भीती मला सहामाहीभर होती.

काय केलं

*तासातले दोन प्रश्न.* प्रत्येक तासाला दोन प्रश्न, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. हात वर करायला लावलं तर हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. म्हणून अ, ब, क, ड लिहिलेले जाड कागदाचे चौकोन केले, छातीपाशी धरायचे, मागच्याला दिसणार नाहीत असे. पहिला प्रश्न होता: (क्ष² − ४)/(क्ष − २) या फलनाचं २ जवळचं लिमिट ४ आहे. मग २ या बिंदूवर त्याची किंमत किती? वर्गातले बहुतेक कागद ‘४’ म्हणाले. ‘सांगता येत नाही, तिथे फलनच नाही’ म्हणणारे थोडे. मग म्हटलं, आता शेजारच्याला पटवा, कुठल्याही भाषेत.

हे ‘कुठल्याही भाषेत’ महत्त्वाचं ठरलं. वर्गात आपोआप इंग्रजी-मराठीची खिचडी चालायची, पण गणितावर आहिराणीतून वाद मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मागच्या बाकावरची एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की लिमिट म्हणजे विहिरीकडे जायची वाट, विहिरीत पाणी आहे की नाही ही गोष्टच वेगळी. दुसऱ्यांदा कागद वर आले तेव्हा चित्र पालटलं होतं. पुढे आम्ही नियम केला: बोलायचं कुठल्याही भाषेत, लिहायचं इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत आहे. आणि लिहायला शिकवताना एकेका शब्दापाशी थांबायचं. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, प्रत्येक प्रूफ लेटनंच का सुरू होतं? लेट म्हणजे काय?’ ‘लेट’ म्हणजे ‘समजा’, आणि ‘लेट एप्सिलॉन’ म्हणजे समोरच्यानं कुठलाही दिलेला एप्सिलॉन, तो निवडायचा हक्क आपल्याला नाही. यावर अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाचं मला आजही वाईट वाटत नाही.

*‘डेल्टा कोण देतं?’* एका मुलाचा भाऊ एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या, लेथवर काम करतो. त्याला म्हटलं, भाऊ काय करतो ते वर्गाला सांग. त्यानं सांगितलं: ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, कमीजास्त ०.०२. तेवढ्यात जॉब बसला तर ओके, नाहीतर रिजेक्ट. भाऊ त्याप्रमाणे मशीनचं सेटिंग करतो.

‘०.०२ कोण ठरवतं?’

‘पार्टी ठरवते, मॅडम. ज्याची ऑर्डर तो.’

‘आणि सेटिंग?’

‘भाऊ.’

‘पार्टी उद्या म्हणाली, ०.०१ हवं?’

‘मग सेटिंग अजून बारीक करावं लागेल.’

एप्सिलॉन पार्टीचा, डेल्टा ऑपरेटरचा. पार्टी कितीही कडक झाली तरी ऑपरेटरला सेटिंग सापडत असेल, तर लिमिट आहे. ३क्ष + १चं गणित मग मुलांनीच फळ्यावर केलं: पार्टी ०.३ म्हणाली तर ०.१, पार्टी ०.०३ म्हणाली तर ०.०१, पार्टी एप्सिलॉन म्हणाली तर एप्सिलॉन भागिले ३. हा दाखला नवा नाही, पुष्कळ शिक्षक टॉलरन्सचं, म्हणजे चालणाऱ्या कमीजास्तीचं, उदाहरण देतात. पण त्यांच्यातल्याच एकाच्या घरातून तो आला याचा परिणाम वेगळा झाला.

लगेच एकानं विचारलं, ‘मॅडम, सगळ्या टॉलरन्सला चालेल असं एकच सेटिंग असतं का?’ या प्रश्नासाठी मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते.’ ‘एक अशी किल्ली असते, जी प्रत्येक कुलपाला लागते.’ शब्द जवळपास तेच, क्रम बदलला. पहिलं वाक्य प्रत्येक घरात खरं आहे. दुसरं खरं झालं तर कुणाला रात्री झोप लागणार नाही. ‘प्रत्येक’ आधी की ‘एक’ आधी, यावर सगळं अवलंबून आहे, हे मुलांनी तिथे पाहिलं. पुढे सहामाहीभर कुणी व्याख्या उलटी मांडली की वर्गातूनच आवाज यायचा, ‘किल्ली आधी आली!’

*पट्ट्या.* ज्या सहा प्रूफवर वेळ द्यायचा होता, त्यातलं रोलचं थेअरम घेते: न तुटणाऱ्या, आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असलेल्या फलनाची किंमत दोन्ही टोकांना सारखी असेल, तर मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य असतं. प्रूफ टाइप करून एकेक ओळ कात्रीनं कापली, पट्ट्या पाकिटात घातल्या, चौघाचौघांना एक पाकीट. क्रम लावा. एका गटानं ‘म्हणून सी या बिंदूवर डेरिव्हेटिव्ह शून्य’ ही पट्टी ‘सी हा अंतरालाच्या आतला बिंदू आहे’ या पट्टीच्या वर ठेवली होती. मी विचारलं, ‘आतला बिंदू ही पट्टी काढून टाकली तर?’ त्यांचं म्हणणं, काही फरक पडणार नाही. फलन सर्वांत मोठं जिथे, तिथे डेरिव्हेटिव्ह शून्यच असतं.

मी फक्त एवढं म्हटलं: फलन क्ष, अंतराल ० ते १. सर्वांत मोठी किंमत कुठे?

‘१ वर.’

‘तिथे डेरिव्हेटिव्ह?’

चौघं पाहत राहिले. डेरिव्हेटिव्ह १, शून्य नव्हे, कारण १ हे टोक आहे. मग त्यांच्यातल्या एकीनं ती पट्टी उचलली आणि वर सरकवली. दरवर्षी फळ्यावर ही ओळ मी लिहायचे आणि दरवर्षी उत्तरपत्रिकांतून ती गळायची. त्या वर्षी ती फारच कमी जणांकडून गळली.

*चित्रं.* फोनवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप फुकट चालतं. शून्यापाशी साइनचा आलेख मोठा करत जा, तो सरळ रेषेसारखा दिसू लागतो. |क्ष|चा (क्षच्या केवल मूल्याचा) आलेख मोठा करा, टोक टोकच राहतं. डेरिव्हेटिव्ह असणं आणि नसणं यातला फरक दोन मिनिटांत दिसतो. याहून जास्त आम्ही ते वापरलं नाही.

*पाटण.* शाळेच्या सहलीत पाटणादेवीला जाऊन आलेली मुलं वर्गात बरीच होती. चाळीसगावजवळच्या या पाटणला इ. स. १२०७ चा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची ‘तात्कालिक गती’ काढली आहे, आणि त्यासाठी दोन जवळच्या कोनांच्या ‘ज्या’, म्हणजे साइन, यांमधला फरक ‘कोज्ये’च्या, म्हणजे कोसाइनच्या, पटीत घेतला आहे. म्हणजे साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, याच्या अगदी दारापर्यंत. हे मी अभिमान जागवायला सांगितलं नाही. ‘एका क्षणाची गती’ हा प्रश्न कुणाला पडला आणि का, हे मुलांना कळावं म्हणून सांगितलं. कॉट क्ष म्हणून मोकळी होणारी मुलं त्या दिवशी विचारत होती की क्षणाला लांबीच नसेल तर त्यात ग्रह सरकेल कसा.

*तोंडी परीक्षा.* अंतर्गत गुणांचा एक भाग तोंडीसाठी ठेवला. ऐंशी मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे ४०० मिनिटं. मोकळ्या तासांमध्ये ते बसवताना आठवडा गेला. एकच प्रश्न: सहापैकी एका प्रूफमधली एक ओळ दाखवायची आणि विचारायचं, ही ओळ इथे कशाला? पाच मिनिटांत किती कळतं, हे स्वतः केल्याशिवाय कुणाला पटणार नाही.

मध्येच काय बिघडलं

आता चुकांकडे येते, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जास्त तिथेच आहे.

ट्यूटोरियलसाठी मुलांचे दोन गट करायचे होते. जूनच्या चाचणीचे कागद हाताशी होते, म्हणून आम्ही गुणांप्रमाणे गट पाडले. वरचा गट माझ्याकडे, खालचा तरुण सरांकडे. हेतू चांगला होता: खालच्या गटाला सावकाश शिकवता येईल. आठवड्याच्या आत त्या गटाला कॅम्पसमध्ये ‘ढ बॅच’ हे नाव पडलं. तिसऱ्या आठवड्यात तिथली हजेरी निम्म्यावर आली. पेन्सिलीनं प्रश्न लिहून खोडणाऱ्या मुलीसारखीच आणखी एक शांत मुलगी त्या गटात होती. ती कॅल्क्युलसच्या तासाला यायची, ट्यूटोरियलला येत नव्हती. विचारल्यावर म्हणाली, ‘मॅडम, त्या खोलीत जाताना सगळे बघतात.’

त्याच सुमाराला मी युरी ट्रीझमन यांच्या कामाबद्दल वाचलं. १९७० च्या दशकात बर्कलेत कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का मागे पडतात, हे त्यांनी जवळून पाहिलं. ती मुलं मेहनत कमी करत नव्हती, ती एकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत होती. ट्रीझमन यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. कठीण गणितं घेऊन एकत्र बसायची कार्यशाळा काढली, तीही हुशारांसाठीची म्हणून, आणि तिथे मुलांचे गुण खूप सुधारले. आम्ही नेमकं उलटं केलं होतं: ज्यांना सोबतीची गरज, त्यांना वेगळं बसवलं आणि सोपं दिलं. सहामाहीच्या मध्यावर गट मोडले, हजेरी क्रमांकाप्रमाणे मिसळले, दोन्हीकडे एकच कागद. हजेरी परत आली, पण सगळी नाही. त्या सहामाहीत जी चार-पाच मुलं ट्यूटोरियलपासून तुटली, ती पुन्हा जोडली गेली नाहीत.

दुसरी चूक माझ्या मनाला जास्त लागून आहे. तरुण सरांना मोबदला घेतलेल्या तासिकांवर मिळतो. पट्ट्या कापणं, प्रश्न घडवणं, उत्तरं वाचून काढणं या कशालाच तासिका म्हणत नाहीत. संध्याकाळी ते उदरनिर्वाहासाठी खाजगी क्लासमध्ये शिकवत. आराखडा विभागप्रमुख सरांनी आणि मी दुपारी बसून ठरवला, त्यांना तयार कागद दिला, आणि सर्वांत अवघड गटही त्यांनाच दिला. प्रश्न विचारून शिकवायची कल्पना ज्यांनी आणली, तेच नियोजनाच्या बैठकीत नव्हते. पहिला महिनाभर ते जुन्याच पद्धतीनं गणितं सोडवून देत होते, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत होतं. वाटायला नको होतं.

तिसरी गोष्ट तक्रारीची. काही मुलांनी प्राचार्यांकडे अर्ज दिला: ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.’ प्राचार्य एका तासाला मागे येऊन बसले. सुदैवानं त्या दिवशी पट्ट्यांचा तास होता, आणि तासानंतर ते स्वतःच एका गटाशी बराच वेळ बोलले. पण अर्ज देणाऱ्या मुलांचं काही चुकलं नव्हतं. बारा वर्षं त्यांनी ‘शिकवणं’ म्हणजे फळा भरणं पाहिलं, आणि मी काहीही न सांगता ते बंद केलं.

निष्पत्ती

विद्यापीठाच्या निकालावरून मी काही दावा करणार नाही. त्याच वर्षी परीक्षेची आणि क्रेडिटची रचना बदलली होती. आधीच्या निकालाशी तुलना केली तर ती आंबा आणि फणसाची होईल. मला भीती होती ते मात्र झालं नाही: वाचायला दिलेल्या प्रूफपैकी एक पेपरात आलं आणि बऱ्याच मुलांनी ते लिहिलं.

जे स्वतः पाहिलं ते सांगते. जूनच्या चाचणीतला हजर-गैरहजरचा प्रश्न सहामाहीच्या शेवटी वाक्य बदलून पुन्हा विचारला. ‘प्रत्येक गैरहजर’ छापाची उत्तरं तुरळक उरली. दिलेल्या एप्सिलॉनसाठी डेल्टा सांगणं बहुतेकांना जमलं. ‘लिमिट नाही’ हे सिद्ध करणं थोड्यांनाच. पण १/(क्ष + २)ची चूक जवळजवळ जशीच्या तशी राहिली. बीजगणितातल्या कच्च्या सवयी या पद्धतीनं गेल्या नाहीत, त्यासाठी हाताला रोज थोडं वळण लागतं आणि त्याची सोय आम्ही केली नव्हती. ब्रिज कोर्सबद्दलचं विभागप्रमुख सरांचं म्हणणं या एका बाबतीत खरं ठरलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग नेहमीसारखाच रिकामा झाला. गटात काम करायची सवय लागलेली मुलं परत आल्यावर एकमेकांकडून तास भरून काढताना दिसली, ते पूर्वी दिसत नव्हतं.

आता काय वेगळं करतो

गुणांवरून गट नाहीत, कुठल्याही कारणानं नाहीत. पहिल्या तासाला मी मुलांना सांगते की इथे तुम्ही बोलणार आहात आणि का. मागच्या वर्षीची दोन मुलं येऊन दहा मिनिटं बोलतात, त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त ऐकलं जातं. बीजगणितासाठी रोज तासाच्या सुरुवातीला एक ओळ फळ्यावर असते, बरोबर की चूक. हजेरी होईपर्यंत ती सोडवायची. एसटीच्या वेळेला धक्का न लावता एवढंच बसतं.

तरुण सरांची एक ट्यूटोरियलची तासिका आता वेळापत्रकात ‘तयारी आणि तपासणी’ म्हणून बसवायचा प्रस्ताव आम्ही दोनदा दिला. दोन्ही वेळा तो परत आला, नियमात तशी तरतूद नाही म्हणून. तोपर्यंत विभागप्रमुख सर आणि मी त्यांच्या गटाचे कागद वाटून घेऊन तपासतो, आणि नियोजनाची बैठक त्यांना जमेल अशा वेळी, सकाळी साडेसातला ठेवतो.

यंदा दुसऱ्या वर्षाला युनिफॉर्म कंटिन्युइटी विभागप्रमुख सरांनी घेतली. व्याख्या फळ्यावर लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, साध्या कंटिन्युइटीपेक्षा यात काय वेगळं आहे? मागच्या वर्षी ‘ढ बॅच’मधून ट्यूटोरियलला यायची बंद झालेली ती शांत मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, इथे सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागते.’ कुलपं म्हणजे इथे बिंदू, आणि किल्ली म्हणजे डेल्टा. सर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आले ते थेट माझ्या टेबलाशी, आणि विचारू लागले की ती पट्ट्यांची पाकिटं कुठे ठेवली आहेत.